विषय नावडावा म्हणून: मोरोपंतांची एक मागणी

सजगतेच्या अभ्यासाने व्यसन सुटते, असे आज मानसशास्त्राच्या परिभाषेत सांगितले जाते. त्यातला मूळ शब्द मात्र आपल्या घरचा आहे. पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली तिला ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी पर्याय योजला. ‘नामस्मरणा’तील धातूही तोच. अर्थात केवळ व्युत्पत्तीवरून दोन साधनांची सोयरीक जुळत नाही. ती कुठे जुळते आणि कुठे मोडते, हे पाहण्यासाठी आम्हांला बारामतीस जावेसे वाटते.

पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूराव नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या ‘केकावली’तील सुसंगतीची याचना करणारा श्लोक शाळाशाळांतून म्हटला जातो, इतका, की त्याचा अर्थ कोणी पाहत नाही. पंत तेथे विषयांशी झुंजण्याचे बळ मागत नाहीत. विषय आवडूच नये, असे मागतात. हा भेद मोठा आहे. निग्रह करणाऱ्याला वस्तूची गोडी तशीच राहते. नावड उपजली की निग्रहाचे कामच उरत नाही. बौद्ध परंपरा या अवस्थेस ‘निब्बिदा’ म्हणते. येल विद्यापीठातील जडसन ब्रूअर व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सजगतेचे शिक्षण घेतलेल्या धूम्रपींपैकी ३१ टक्के सतरा आठवड्यांअखेर धूम्रपानापासून दूर होते. प्रचलित उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. या पद्धतीत तलफ दडपायची नसते, तिच्याकडे पाहत राहायचे असते. सिगारेट ओढताना तिची चव नीट पाहिली, की ती अनेकांना नकोशी वाटू लागते.

येथवर पंत आणि प्रयोगशाळा एका वाटेने चालतात. श्लोकाच्या उत्तरार्धात मात्र वाट फुटते. मन चरणकमळी दडावे, मागे वळवू गेल्यास हट्टाने अडून बसावे, वियोग होताच रडावे, असे पंत मागतात. दडणे, अडणे, रडणे! ही तर व्यसनाधीनाचीच लक्षणे. पंतांना ओढ नष्ट करायची नाही, तिचे ठिकाण बदलायचे आहे. साक्षीभावाने पाहणारी ‘सति’ येथे त्यांच्या उपयोगाची नाही. रामदासांनी मनाला समोर बसवून समजावले; पंत मनाची रदबदली थेट ईश्वराकडे करतात. पंडिती यमकांच्या आड ही धिटाई झाकली गेली, असे आमचे मत आहे.

आणि वारी? १६८५ साली नारायण महाराजांनी सुरू केलेला पालखी सोहळा आज बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास जातो. तुळशीची माळ घातली की मद्यमांस वर्ज्य, हा त्या पंथाचा दंडक. तरीही रिंगण संपल्यावर एखाद्या माळकऱ्याच्या कनवटीची चंची सुटते आणि तळहातावर चुना-तंबाखू मळला जाऊ लागतो, हेही तेथे दिसतेच. हात आपोआप चालतो. मुखी नाम असते. सजगतेच्या शिक्षकाने बोट ठेवावे, ते नेमके या हातावर.

पण त्या शिक्षकाने पंतांच्या मागण्यांचा क्रमही पाहावा. पहिली मागणी संगतीची आहे, दुसरी सज्जनांचे बोल ऐकण्याची. मतीचा कलंक आणि विषयांची नावड त्यानंतर येतात. येलच्या प्रयोगातही धूम्रपी एकेकटे बसवले नव्हते. त्यांचे वर्ग भरत असत.