शिंदीचा नळ कुणाच्या हाती?

आमच्या गोव्यात रेंदेर माडावर चढून सूर काढतो. बीदर-कलबुर्गीकडे ते काम शिंदीच्या झाडावर चालायचं. शेंड्याखाली खोड तासून खाच पाडायची आणि खाली मडकं बांधायचं. पाझर मंदावला की पातळशी चकती पुन्हा तासायची. सुरी खोल गेली तर झाडच जायचं. म्हणजे नळ म्हणाल तर तो हातातच!

फेस मात्र फुकटचा. मडक्यात आधीचं यीस्ट असतंच. ते रसातली साखर आंबवतं, वायू सुटतो आणि फेस वर येतो. बिअरवाल्यांना यासाठी केवढा खटाटोप! साईसारख्या फेसासाठी नायट्रोजन मिसळलेली बिअर नळातल्या बारीक भोकांच्या चकतीतून दाबाने सोडतात. नायट्रोजनची ही युक्ती गिनेसने १९५९ साली आणली.

पण खरा नळ सरकारी होता. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैद्राबाद संस्थानात. तिथे शिंदीच्या झाडागणिक कर, आणि आबकारी म्हणजे तिजोरीचा मोठा आधार. म्हणूनच १९४७ च्या लढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली. उत्पन्नाच्या मुळावरच कुऱ्हाड!

डाव बिनतोड होता, हे मान्य. तरी मी रेंदेरांच्या गावातला. माझं मन त्या झाडावर चढणाऱ्यापाशी अडतं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. तोडलेल्या झाडाच्या जागी नवं लावलं, तरी खाच पाडण्याजोगं व्हायला त्याला कित्येक वर्षं लागतात. तोवर त्याने सुरी कुठे चालवली असेल?