छातीच्या शस्त्रक्रियेनंतरची दीर्घ वेदना आणि दाहशामक औषधे

यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी हृदयाच्या वा फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यातील बरेच रुग्ण नागपूर, सावंगी किंवा सेवाग्राम गाठतात. पुसद, वणी, दारव्ह्याकडे परतल्यावर जखम भरते. दुखणे मात्र काहींच्या सोबत घरी येते आणि मुक्कामच ठोकते.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही टिकणारी वेदना दीर्घकालीन मानली जाते. बरगड्यांमधून छाती उघडलेल्या रुग्णांत तिचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत साधारण एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत आढळले आहे. क्षयाने निकामी झालेला फुप्फुसाचा भाग किंवा छातीत साचून घट्ट झालेला पू काढताना बरगड्या फाकवाव्या लागतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने मज्जातंतू जातो. तो ताणला वा चेपला जातो. मग व्रणाभोवती जळजळ होते, मुंग्या येतात, सदऱ्याचा स्पर्शही नकोसा होतो. दुखते म्हणून हात उचलणे टाळले की खांदा आखडतो. कापूस वेचून पोट भरणाऱ्यासाठी याचा अर्थ हंगाम बुडणे.

पहिल्या काही दिवसांतील वेदना जितकी तीव्र, तितका ती पुढे रेंगाळण्याचा धोका अधिक. दाहशामक औषधांचा विचार होतो तो यामुळेच. इजा झालेल्या पेशींत प्रोस्टाग्लॅण्डिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढवतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन याच गटातली. त्यांनी सुरुवातीचे दुखणे घटते, मॉर्फिनची गरज कमी होते आणि रुग्ण मोकळेपणाने खोकू शकतो. छातीच्या रुग्णाला न्यूमोनियापासून वाचवण्यात खोकण्याचे मोल मोठे आहे.

मग या गोळ्यांनी दीर्घकालीन वेदना टळते का? तसा भक्कम पुरावा नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर स्टेरॉइडचे मोठे अभ्यास झाले. त्यांतही पुढील वेदना घटल्याचे दिसले नाही. दाह शमला तरी दुखावलेला मज्जातंतू बरा होतोच असे नाही. म्हणून भूलतज्ज्ञ केवळ गोळ्यांवर विसंबत नाहीत. पाठीच्या कण्यालगत बारीक नळीतून बधिरतेचे औषध देणे, पॅरासिटामॉल आणि शक्य तेथे दुर्बिणीतून लहान छेदाची शस्त्रक्रिया, अशी सांगड घातली जाते. ही चौकशी रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.

बायपास झालेल्यांनी विशेष जपावे. या शस्त्रक्रियेच्या सुमारास अ‍ॅस्पिरिनखेरीज या गटातील औषधे वर्ज्य मानली जातात, कारण हृदयविकाराचा झटका व पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार वा जठरव्रण असणाऱ्यांनाही ही औषधे बाधू शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटलेले असताना मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी रोज घेणे मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

घरी आल्यावर महिन्याभरातही जळजळ किंवा विजेसारखी चमक कायम असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. मज्जातंतूंच्या वेदनेवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, प्रिगाबालिन यांसारखी वेगळी औषधे असतात. ती डॉक्टरच ठरवतात, आणि खांद्याचे व्यायाम तोवर चालू ठेवायचे असतात.