बडवण्याचा हिशेब

खोंड चांगला वयात आल्यावर, कधी औताला जुंपल्यावरही, बडवण्याची जुनी रीत म्हणजे शेतकऱ्याचा अडाणीपणा, असे सहज म्हटले जाते. खरे तर तो कामाचा हिशेब होता. वशिंड, मान आणि खांदा भरतो तो वृषणांतून स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे. लहानपणीच बडवलेला गोऱ्हा गरीब होतो, पण मानेला तो भर येत नाही. आणि नांगर असो की मोट, जू येते ते मानेवरच. म्हणून शेतकरी थांबे आणि मग दोन काठ्यांत धरून अंड ठेचून घेई. याची किंमत मात्र सगळे गाव मोजत होते. थांबण्याच्या काळात कच्चे खोंड गाईंमध्ये मोकळे चरत. दमदार नर बडवून औताला जात आणि गाई फळत उरल्यासुरल्या नरांपासून. देवाच्या नावाने सोडलेला पोळ जातिवंत असला तरच तोल सावरे.

सरकारने बोट ठेवले ते याच पैदाशीवर. 1933 साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणेचा कायदा झाला आणि वळू परवान्यावर, नाकारलेला नर खच्चीकरणाला, ही चौकट आली. हाताशी साधनही होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतील पशुवैद्य बुर्दिझ्झो यांनी काढलेला चिमटा कातडी न फाडता आतली रेतरज्जू चिरडतो. रज्जू अंडकोशाच्या कडेला सरकवून जबडा मिटायचा. दुसऱ्या बाजूला जरा खाली-वर, म्हणजे दोन्ही वण एका रेषेत येत नाहीत आणि कातडीचा रक्तपुरवठा तुटत नाही. उघडी जखम नाही, म्हणून माशी बसून अळ्या पडण्याची भीतीही टळते.

वेदना घटल्या, पैदास आवरली, मग आक्षेप कशाला, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट, कातडी शाबूत राहिली म्हणून कळ थांबत नाही. तरी 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही विहित पद्धतीच्या खच्चीकरणाला गुन्ह्यातून वगळले. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. चिमटा नको तो नर वगळतो, हवा तो वळू देत नाही. शेतकऱ्याला हवा होता ओढणारा बैल, सुधारकाला हवा होता निवडक वंश. पहिल्याची गरज न भागवता दुसऱ्याची सक्ती करणारा कायदा अर्धाच राहतो. पुढे कृत्रिम रेतनाने वळूचा प्रश्न हलका केला, ट्रॅक्टरने बैलाचा. उशिरा बडवण्याचे कारण सरले ते तेव्हा. उपदेशाने नव्हे, गरज सरल्याने.