मागच्या सीटचा वारा

तासगावात ‘ब्लोअर बंद पडला’ म्हटलं तर ऐकणारा आधी विचारणार, ‘बागेतला का गाडीतला?’ ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या आणि भुरीच्या धास्तीनं ट्रॅक्टरमागं फिरणारा फवारणीचा ब्लोअर हा इथला थोरला. मोटारीतल्या मागच्या माणसांना गार वारा देणारा तो धाकटा. या धाकट्याकडं संशोधकांचं लक्ष जाण्याचं कारण नाही. पण त्याचा माग काढताना मला एक गंमत सापडली. आधी पुढचा एसी आला आणि मागचा नंतर जोडला, असा सर्वसाधारण समज आहे. घडलं ते उलट.

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात वातानुकूलित मोटार मांडली. कारखान्यातूनच ही सोय देणारी ती पहिली कंपनी. गार करणारी जाळी मागच्या सीटच्या पाठीशी, डिकीत होती. वारा मागून पुढं यायचा. थर्मोस्टॅट नव्हता, कंप्रेसरला क्लच नव्हता. गारवा पुरे झाला तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. बसल्या जागी माणसाच्या हातात होता तो फक्त ब्लोअरचा खटका. अशी महागडी अडचण फार काळ टिकली नाही. १९४१ नंतर ती बंद झाली. १९५३ मध्ये क्रायस्लरनं सोय पुन्हा आणली, तीही डिकीतच. १९५४ मध्ये नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डात बसवली, आणि वारा पुढच्यांचा झाला. मागची सीट शेवटचं टोक ठरली.

आपल्याकडं मागच्या सीटचा इतिहास वेगळा. सातारा-सांगलीकडं मागची सीट म्हणजे वडाप: जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं, मांडीवर पिशव्या, आणि वारा हवा असेल तर गुंडाळून वर बांधलेली ताडपत्री. १९९४ ची सुमो, २००० ची क्वालिस, २००५ ची इनोव्हा या गाड्यांनी आख्खं कुटुंब एका मोटारीत बसवलं आणि तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला गार वारा मिळणार की नाही, हा प्रश्न घरात आला. इनोव्हानं तो छतातून दिला. एप्रिल-मे महिन्यात आजारी माणसाला मिरजेच्या दवाखान्यात नेताना ती चैन राहत नाही.

हा वारा थांबला की गॅरेजात पहिला सल्ला मिळतो: ‘गॅस भरून घ्या.’ इथं थोडं थांबायला हवं. दोन एसींच्या गाडीत कंप्रेसर एकच असतो; गॅसची वाट पुढं फुटते आणि दोन्हीकडं स्वतंत्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो. मागून वारा येतोय पण गरम येतोय, तर गॅस, व्हॉल्व्ह, नळ्या यांचा विचार करावा. वाराच येत नसेल, तर गॅसचा त्याच्याशी संबंध नाही. तो विजेचा किंवा मोटारीचा मामला आहे. फ्यूज, रिले, खटका, अर्थिंग, शेवटी मोटार, या क्रमानं बघावं. मोटारीच्या प्लगवर बारा व्होल्ट येत असूनही पंखा गप्प असेल, तर एकतर अर्थिंग तुटलंय, नाहीतर मोटारीतले कार्बन ब्रश झिजलेत.

सगळ्यात बोलकी खूण वेगळीच आहे. ब्लोअर एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर मात्र जोरात चालतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत कमी वेगांचा प्रवाह रेझिस्टरमधून जातो. सर्वांत वरच्या वेगाला तो टाळून थेट मोटारीला मिळतो. गेओर्ग ओमनं १८२७ मध्ये मांडलेला नियम इथं खटक्यावर उभा राहतो. हा रेझिस्टर बसवलेला असतो ब्लोअरच्याच वाऱ्यात, कारण तो तापतो आणि त्याच वाऱ्यानं गार राहतो. मागच्या जाळीपुढं बेदाण्याचे बॉक्स रचले, धुळीनं जाळी बुजली किंवा मोटार जड फिरून जास्त करंट ओढू लागली, तर तो जळतो. म्हणून नुसता रेझिस्टर बदलून भागत नाही. नवाही काही दिवसांनी तीच वाट धरतो. तो का जळाला, हे विचारणारा मिस्त्री मला मोठा वाटतो.

‘गॅस भरा’ या सल्ल्याची किंमत खिशापुरती नाही. पॅकार्डच्या काळातला गॅस म्हणजे आर-१२, टॉमस मिजली यांच्या चमूची निर्मिती. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची. त्या जातीचे गॅस ओझोन खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला, आणि गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही तिथूनच हवेत जातो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत रेझिस्टरची जागा ट्रान्झिस्टरच्या मॉड्यूलनं घेतलीय. तिथं एक-दोन-तीन-चारची ती खूण चालत नाही, आणि मॉड्यूल जळालं की बहुधा सगळेच वेग एकदम जातात. पण मोटारीपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का, हे मीटर लावून बघणं तिथंही चुकत नाही.