कथिलाचे चार हात आणि पाचवा शेजारी

कथील आपल्याला ठाऊक असतं ते कल्हईमुळे. पण संयुजा या कल्पनेच्या इतिहासात या धातूने दोनदा साक्ष दिली आहे. एकदा ती कल्पना उभी राहत असताना, आणि शंभरेक वर्षांनी पुन्हा, तिची मर्यादा कळताना. आज आपण या दोन्ही साक्षी तपासू.

१८४९ साली एडवर्ड फ्रँकलंड या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कथील आणि इथिल आयोडाइड यांच्यापासून एक स्फटिकी संयुग मिळवलं. त्यात कार्बन थेट कथिलाला जोडलेला होता. अशा संयुगांवरचा त्याचा निबंध १८५२ मध्ये आला. कथील, आर्सेनिक, अँटिमनी यांची उदाहरणं तपासून त्याने म्हटलं, की प्रत्येक मूलद्रव्याची जोडून घेण्याची शक्ती ठरावीक संख्येनेच तृप्त होते. संयुजेचा पाया तो हाच. पुढे पाठ पक्का झाला: अशा संयुगांत कथिलाचे हात बहुधा चार, कार्बनसारखेच.

आता दोन भावंडं बघा. ट्रायमिथिल टिन क्लोराइड साधारण ३८ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी बाटलीतच पाणी होईल. त्यातला क्लोरिन काढून फ्लोरिन बसवा. हा पदार्थ ३०० अंशांपुढेही दाद देत नाही, नेहमीच्या द्रावकांत विरघळायलाही तयार नसतो. सूत्रात एका अणूचा फरक, आणि वागण्यात एवढी तफावत का?

१९६० च्या सुमारास अवरक्त वर्णपटांवरून दिसू लागलं, की अशा काही संयुगांत कथील आणि तीन मिथिल गट जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. याचे दोन अर्थ निघत होते. एक, हे मिठासारखे सुटे आयन आहेत. दुसरा, कथिलाला वरून आणि खालून असे दोन शेजारी धरून आहेत. वर्णपट दोघांनाही जुळत होता. निकाल द्यायचा तर अणूंच्या जागाच बघायला हव्या होत्या.

ते काम क्ष-किरणांनी केलं. १९६३ मध्ये ह्यूम यांनी ट्रायमिथिल टिन क्लोराइड आणि पिरिडीन यांच्या संयुगाची स्फटिकरचना दिली: कथिलाभोवती पाच शेजारी. १९६४ मध्ये क्लार्क, ओब्रायन आणि ट्रॉटर यांनी फ्लोराइडची रचना मांडली. त्यात प्रत्येक फ्लोरिन दोन कथिलांमध्ये पुलासारखा बसलेला, आणि सगळी मिळून एक लांबलचक साखळी. ती तोडायची म्हणून एवढी उष्णता लागते. १९६६ मध्ये डायमिथिल टिन डायफ्लोराइडमध्ये तर साखळीऐवजी पत्रेच निघाले. तिथे शेजारी सहा.

हे बंध बसतात कसे? साध्या भाषेत, तीन मिथिल प्रतलात आपापला बंध करतात. उभ्या अक्षावर एकच कक्षक दोन फ्लोरिनमध्ये वाटून घेतला जातो. चार इलेक्ट्रॉन, तीन अणू. म्हणून ते दोन बंध नेहमीपेक्षा लांब आणि सैल असतात.

मग फ्रँकलंड चुकला का? नाही. साखळीतही दर कथिलामागे तीन मिथिल आणि एक फ्लोरिन, हा हिशोब चारचाच आहे. त्याने मोजलं ते प्रमाण. स्फटिकाने दाखवले ते शेजारी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कथिलाच्या संयुगाचं सूत्र समोर आलं, की आपण आधी विचारायचं: हे घन अवस्थेतलं की द्रावणातलं? कारण क्लोराइडचे रेणू स्फटिकात एकमेकांना सैल धरून असतात, आणि बेंझीनसारख्या द्रावकात सुटे होतात. सूत्र मात्र दोन्हीकडे तेच.