गारपीट आणि महायुद्धातला एक शब्द

१/ फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस मराठवाड्यात सुरू झालेली गारपीट मार्चमध्येही पुन्हा पुन्हा होत राहिली. हिंगोली जिल्ह्यासह सर्वत्र काढणीला आलेला गहू, हरभरा आणि ज्वारी आडवी झाली. अशा वादळांचा उलगडा करणारा एक शब्द मात्र रणभूमीवर जन्मला : ‘आघाडी’.

२/ १९१७ साली शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस जर्मनीतील लाइपझिग सोडून नॉर्वेतील बर्गेनला आले. पहिले महायुद्ध पेटलेले होते. हवामानाच्या नोंदी लष्करी गुपित ठरल्याने परदेशांतून येणारी माहिती थांबली होती. नॉर्वे तटस्थ राहिला, तरी तेथे धान्यटंचाई होती.

३/ म्हणून १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्याचे काम हाती घेतले आणि निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे विणले. त्या नोंदींतून त्यांचे पुत्र याकोब यांना उमगले, की उष्ण आणि थंड हवा सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये सीमारेषा असते आणि पाऊस तिच्या आसपास पडतो.

४/ समोरासमोर ठाकलेल्या सैन्यांवरून त्या रेषेला ‘आघाडी’ हे नाव पडले. थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी उबदार हवेखाली शिरून तिला वर उचलते. बाष्पाचे थेंब होताना सुटलेली उष्णता हवेला आणखी वर रेटते आणि उत्तुंग मेघ उभा राहतो.

५/ गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले थेंब त्या मेघात बर्फकणांवर थिजत जातात. गार वाढत जाते आणि वर चढणाऱ्या वाऱ्याला पेलेनाशी झाली की कोसळते.

६/ मात्र युरोपातली आघाडी हिंगोलीत जशीच्या तशी अवतरत नाही. दक्षिणेकडे येताना तापमानातील तफावत क्षीण होते. येथे पश्चिमी प्रक्षोभांमुळे उंचावर थंड, कोरडे वारे येतात आणि खाली समुद्रावरून दमट वारे. त्यांच्या भेटीतून गारपीट उद्भवते.

७/ आणि ती येते नेमकी सुगीत. याच दिवसांत वसमत परिसरात शिजवलेली हळद उन्हात वाळत असते.

८/ नेमक्या कोणत्या शिवारात गार पडेल, हे आदल्या दिवशी सांगणे आजही कठीण आहे. वेळेवर इशारा मिळाला तरी उभे पीक वाचत नाही; पण वाळत घातलेली हळद ताडपत्रीखाली जाऊ शकते. बर्गेनचे शास्त्रही शेतकऱ्याच्या अशाच गरजेपोटी घडले होते.