डिकी कुणी कापली? जीप ते छोटी एसयूव्ही : आपल्या रोजच्या गाडीचा इतिहास

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि आपल्या तालुक्यात एकच चर्चा सुरू झाली. चहाची टपरी असो, बाजार समिती असो की लग्नाचा मांडव, प्रश्न ठरलेला : "दहा-बारा लाखांत घरची पण होईल आणि मळ्यातली पण होईल, अशी गाडी कोणती?" म्हणजे शाळा, दवाखाना, नाशिकची फेरी, आणि वेळ पडली तर चार क्रेट टोमॅटो, खताच्या दोन गोण्या, बिघडलेली पाण्याची मोटर. पत्रकाराला सगळं ठाऊक असतं असा लोकांचा समज आहे, त्यामुळे मलाही रोज कुणीतरी विचारतंच.

मॉडेलचं नाव सांगणं सोपं आहे. पण मला आधी दुसरा प्रश्न पडतो. शोरूममध्ये उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्या छोट्या एसयूव्ही लांबीला चार मीटरच्या आतच का असतात? कुणाची ३९९५ मिलिमीटर, कुणाची ३९९०. चार मीटर पाच इंच का नाही? याचं उत्तर आपल्या रस्त्यात नाही आणि आपल्या गरजेतही नाही. ते दिल्लीतल्या अर्थसंकल्पाच्या कागदात आहे. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्याकडे माणसं आणि माल एकाच गाडीतून नेण्याची सवय जीपने लावली. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली विलिज जीप महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत जोडायला घेतली. ती मुळात लष्कराची गाडी, नंतर सरकारी साहेबांची आणि साखर कारखान्यांची झाली. गावात जीप आली की एकतर मामलेदार नाहीतर निवडणूक, असा तो काळ. ऐंशीच्या दशकात तिच्यात डिझेल इंजिन रुळलं. प्यूजो कंपनीच्या तंत्राचं हे इंजिन आपल्या इगतपुरीत बनायचं. डिझेल आल्यावर जीप साहेबाकडून शेतकऱ्याकडे आणि शेतकऱ्याकडून काळी-पिवळीवाल्याकडे गेली.

दुसरीकडे मालाची गाडी वेगळी वाढत होती. १९५८ मध्ये फिरोदियांनी जर्मनीतल्या टेम्पो कंपनीबरोबर बजाज टेम्पो काढली. तीनचाकी आली, मग मॅटाडोर आली. 'टेम्पो' हे हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव होतं, हे आज कुणाच्या ध्यानीमनी नाही. आपल्या भाषेत तो सरळ मालाच्या गाडीचा शब्द झाला. पुढे त्याच कंपनीची ट्रॅक्स आली आणि ती मात्र माणसं वाहायला लागली. आम्ही कॉलेजला ज्या काळी-पिवळीने जायचो, तिच्यात नऊची परवानगी असायची आणि पंधरा बसायचे. टपावर कोथिंबिरीच्या जुड्या, मागच्या पायरीवर दोन जण लटकलेले. एसटीची फेरी चुकली की तीच आधार होती. अपघात झाला की बातमीतही तीच असायची. हे दोन्ही एकाच गाडीचं खरं आहे.

१९९४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव ठेवलं गेलं. दहा माणसं बसायची आणि मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांमधल्या जागेत वऱ्हाडाचं सगळं सामान मावायचं. २००० साली महिंद्राची बोलेरो आली. ती तर आपल्या नाशिकची, सातपूरची. खाली लोखंडी चेसिस, मागे पाटे, ओढ मागच्या चाकाला. बिघडली तर फाट्यावरचा मिस्त्री दुरुस्त करणार. या गाड्यांना कुणी 'एसयूव्ही' म्हणत नव्हतं. जी माणसं पण नेते आणि ओझं पण ओढते ती गाडी, एवढीच व्याख्या होती.

मग दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या आणि या गाडीची वाटणी झाली.

पहिली २००५ मध्ये. टाटांनी एस आणली, म्हणजे आपला छोटा हत्ती. पाऊण टन माल, चार चाकं, गल्लीत वळेल एवढा आकार. छोट्या मालाची स्वतंत्र गाडी बाजारात आली.

दुसरी २८ फेब्रुवारी २००६ ला. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी गाडी कोणती? लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. हेतू चांगला होता. गाडी स्वस्त व्हावी, तेल कमी जळावं, देशात छोट्या गाड्यांचे कारखाने वाढावेत. बऱ्याच अंशी तसं झालंही. आज मध्यमवर्गाच्या दारात जी गाडी दिसते तिच्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे.

पण चार मीटरची रेघ मारली की कंपन्या काय करणार? रेघेच्या आत येण्यासाठी गाडी कापणार. आणि गाडी कुठून कापता येते? पुढे इंजिन आहे, मध्ये माणसं आहेत. उरली डिकी.

२००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली, ३९८८ मिलिमीटर. २०१२ मध्ये मारुतीची डिझायर कापली गेली. लांबी ४१६० ची ३९९५ झाली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. साडेसोळा सेंटिमीटरसाठी सव्वाशे लिटर जागा गेली. गाडी आपल्या पैशाची, पण सामान कमी.

एसयूव्हीच्या रांगेतही तेच. २००९ च्या अखेरीस चिंचवडच्या प्रीमियरने रिओ आणली. चार मीटरच्या आतली आपल्याकडची ती पहिली एसयूव्ही, पण चालली नाही. २०१२ ला महिंद्राने झायलो मागून कापून क्वांटो केली, तीही रेंगाळली. खरा बाजार उघडला तो २०१३ च्या फोर्ड इकोस्पोर्टने. त्यानंतर २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला रांजणगावात बनणारी नेक्सॉन, आणि मग रांगच लागली.

२०१३ च्या अर्थसंकल्पात तर गंमतच झाली. एसयूव्हीवरचं शुल्क २७ वरून ३० टक्के झालं आणि एसयूव्हीची व्याख्या करताना जमिनीपासूनची उंची धरली १७० मिलिमीटर. महिंद्राने मग एक्सयूव्ही ५०० ची उंची १७० च्या खाली आणली. आपल्याकडे रस्त्यावर खड्डे वाढत होते आणि गाडी कागदासाठी खाली बसत होती!

सगळ्यात बोलकी गोष्ट बोलेरोची. मूळ लांबी ४१०७ मिलिमीटर, इंजिन २५२३ सीसी. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली ती ३९९५ मिलिमीटर आणि १४९३ सीसीची. बंपर आवळले, इंजिन लहान केलं. जेमतेम अर्धी वीत लांबी, पण ती कराची होती.

आता २०२५. नियमाचं नाव बदललं, रेघ तीच राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. कर धरण्याआधी आठ लाखांची गाडी असेल तर आत १ लाख ४४ हजार कर, बाहेर ३ लाख २० हजार. फरक १ लाख ७६ हजारांचा. डिकी चार इंच वाढवायची एवढी किंमत कोण देणार?

आणि अजून एक कागद आहे, जो आपण वाचतच नाही. खासगी गाडीच्या विम्याची पॉलिसी काढून बघा. 'वापराची मर्यादा' या भागात लिहिलेलं असतं की भाड्याने वापर चालणार नाही, आणि मालवाहतूकही चालणार नाही. चालेल ते फक्त नमुने आणि वैयक्तिक सामान. आता सांगा, स्वतःच्या मळ्यातले सहा क्रेट हे वैयक्तिक सामान की माल? अपघात झाला तर हा वाद कंपनीच्या टेबलावर होणार, आणि तेव्हा आपण कमजोर बाजूला असणार. म्हणजे करवाल्यांनी डिकी कापली आणि विम्यावाल्यांनी उरलेल्या डिकीत काय ठेवायचं ते ठरवलं.

हे सगळं डोक्यात ठेवून गाडी निवडायची. माझ्या मते पाहायच्या गोष्टी अशा.

एक, किलो बघा, लिटर नंतर. मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा ४५० किलो उरले. पाच माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ३२५ गेले. उरले १२५, म्हणजे वीस किलोचे सहा क्रेट. सातवा क्रेट ठेवला की ब्रेक आणि टायर तुमच्या भरवशावर.

दोन, शोरूमला जाताना रिकामा क्रेट सोबत न्या. सेल्समन हसेल, हसू द्या. डिकीचं तोंड किती रुंद आहे, उंबरा किती उंच आहे, मागचं सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की पायरी राहते, हे माहितीपत्रकात कळत नाही. ३० किलोचा भरलेला गॅस सिलिंडर कमरेएवढ्या उंबऱ्यावरून रोज चढवून बघायचा विचार करा.

तीन, सीएनजी घेताना टाकी कुठे बसते ते बघा. एका मोठ्या टाकीने डिकी जवळजवळ संपते. टाटांनी दोन छोट्या टाक्या तळाशी घातल्या, तरी पंचची डिकी ३६६ वरून २१० लिटरवर आलीच. इंधनात वाचलं ते टेम्पोच्या भाड्यात जायला नको.

चार, ओढ कुठल्या चाकाला आहे? नव्या छोट्या एसयूव्ही बहुतेक पुढच्या चाकाच्या आहेत. मागे ओझं भरलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि पावसात मळ्याच्या चढावर ते फिरत राहतं. डांबरी रस्त्याला काही अडत नाही. चिखलाची वाट रोजची असेल तर बोलेरोसारखी मागच्या चाकाची गाडी अजूनही कामाची.

पाच, पण लेकरं बसणार असतील तर सुरक्षेचे तारे बघाच. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला पहिल्यांदाच. चेसिसवरच्या बोलेरो निओला २०२४ मध्ये एक तारा मिळाला. 'जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी' हा काळी-पिवळीच्या काळातला समज आता सोडायला हवा.

सहा, ओझं आठवड्यात एखाद्या वेळी असेल तर छोटी एसयूव्ही घ्या आणि त्या दिवशी टेम्पो सांगा. ओझं रोजचं असेल तर हिशेब उलटा करा : जुनी पिकअप मालाला, साधी छोटी कार घराला. मालवाहू गाडीवरचा करही २८ वरून १८ वर आलाय. आणि साध्या कारच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

शेवटी मुद्दा फक्त खरेदीचा नाही. गेली वीस वर्षं आपण गाडीचा कर फुटपट्टीने मोजतोय. लांबीऐवजी वजन, इंधन आणि सुरक्षा मोजली असती तर डिकी कापायची वेळ आली नसती. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या गाडीतून बाजारात नेला तर विम्याचं संरक्षण सुटू नये, एवढी एक ओळ पॉलिसीत घालायला काय हरकत आहे? कांद्याच्या भावावर आपण रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. पण तो कांदा ज्या गाडीतून जातो, तिच्याबद्दल आपल्या खासदाराला एकदा तरी विचारा. निवडणुकीत तेही याच गाडीतून गावात येतात.